एकच ओढ, अनेक कामे: स्वामी रामानंद तीर्थ



बारावीनंतर काय, हा प्रश्न आपल्या घरांत दरवर्षी येतो. लातूर-नांदेडचे शिकवणी वर्ग आणि त्यापुढे डॉक्टर की इंजिनिअर, एवढीच दोन दारे. मुलाला मनापासून काय करावेसे वाटते, हे विचारायला कुणालाच सवड नसते. म्हणून आज स्वामी रामानंद तीर्थ यांच्याविषयी लिहितो. त्यांच्या नावाचे विद्यापीठ आपल्या नांदेडला आहे, लातूरची महाविद्यालयेही त्यालाच जोडलेली आहेत. नाव सर्वांच्या तोंडी आहे. जीवन फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर भागातील सिंदगी येथे. सोलापूरला शिकत असताना गांधीजींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली. आज एखाद्या मुलाने असे केले तर आईवडील थेट माझ्याकडे त्याला घेऊन येतील! पण शाळा सोडली तरी अभ्यास सुटला नाही. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून ते एम. ए. झाले. त्या पदवीवर सरकारी नोकरी मिळण्यासारखी नव्हती, हे त्यांना माहीत होते.

पहिले काम कामगारांमध्ये. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली ते कामगार संघटनेचे काम शिकले. पण प्रकृतीने साथ दिली नाही. मग ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यात आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथल्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक झाले. मुंबईसारखे शहर कुठे आणि हे खेडे कुठे! मला वाटते, त्यांना स्वतःची खरी ओळख इथेच पटली. माणसे घडवणे ही त्यांची ओढ होती. कामगार संघटनेत तेच चालले होते, फक्त वर्ग बदलला.

तिशीच्या आतच त्यांनी संन्यास घेतला. आपल्याकडे संन्यास म्हटले की संसाराबरोबर जगाकडेही पाठ फिरवणे असा समज असतो. स्वामीजी भगव्या कपड्यांत पुन्हा वर्गावरच गेले. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी शिकवले. ज्या राज्यात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, तिथे मराठी मुलांसाठी अशी शाळा चालवणे सोपे नव्हते.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि शिक्षक सत्याग्रही झाला. त्यानंतरची दहा वर्षे तुरुंगाच्या आत-बाहेर गेली. पुढे संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. हा लढा एका राजवटीविरुद्ध होता, कुठल्या धर्माविरुद्ध नव्हता, हे आजही मुलांना नीट सांगावे लागते.

लढ्याचा पुढारी आता मंत्री होईल, असे कुणालाही वाटले असते. स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले, खादीचे काम केले, पण त्यांचे लक्ष शाळा-कॉलेजांकडेच होते. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. नरहर कुरुंदकरांसारखे विचारवंत याच कॉलेजात शिकवत होते. त्यापूर्वी कॉलेज म्हटले की आपल्या मुलांना हैदराबादसारखे दूरचे शहर गाठावे लागे. ते ज्यांना परवडत नसे त्यांचे शिक्षण तिथेच थांबे.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे निधन झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात ठेवलेल्या पदवीवर ते नाव छापलेले आहे. या रविवारी ती पदवी मुलांसमोर काढा, आणि ती मिळवताना तुम्हाला स्वतःला काय व्हायचे होते, तेही त्यांना सांगा.