धावपटू फडेप्पा चौगुले

पावसाळा सरत आला की सातारा शहरात एक निराळीच गडबड सुरू होते. २०१२ सालापासून येथे दरवर्षी यवतेश्वराचा घाट चढून पुन्हा उतरण्याची २१ किलोमीटरांची शर्यत भरते व तिला लांबलांबचे हजारो लोक येतात. मॅरेथॉनच्या निम्मे अंतर असल्याने तिला अर्धमॅरेथॉन म्हणतात. ही गर्दी पाहून आपल्यापैकी पुष्कळांस असे वाटत असेल की, लांब पल्ल्याचे धावणे हे खूळ आपल्या प्रांतात अलीकडेच आले. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी, अंगावर शर्यतीचा अंक नसताना व वाटेत पाण्याचा पेला घेऊन कोणी उभे नसताना, दक्षिण महाराष्ट्राच्या मातीवर मैलोगणती धावणारी माणसे होती. त्यांपैकी एकाचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे. त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले.

चौगुले हे बेळगावचे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांचा जन्म झाला. बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते. मराठी व कानडी या दोन्ही भाषा तेथे घरोघरी कानांवर पडत. पुण्याहून निघालेली आगगाडी सातारा रोड, सांगलीजवळचे मिरज अशी स्थानके घेत बेळगावास पोहोचे; म्हणजे आपला हा मुलूख आणि त्यांचा मुलूख एकाच लोहमार्गाने बांधलेला होता. या भागात तालीम व कुस्ती यांचे महत्त्व जुनेच. पण धावण्यास आखाडा लागत नाही, जोडीदार लागत नाही आणि पैसाही लागत नाही. पहाटेचा रस्ता व दोन निरोगी पाय एवढे भांडवल असले की पुरे. ज्याच्या मनात येईल त्याने उठावे आणि धावू लागावे. गरिबाघरच्या मुलास हा खेळ जवळचा वाटावा यात नवल नाही.

चौगुले यांच्या आयुष्याला जे वळण लागले ते पुण्यामुळे. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली होती. सुप्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा हे तिचे अध्यक्ष होते. १९१९ साली जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत लांब पल्ल्याची शर्यत झाली, तीत बहुतेक शेतकऱ्यांची मुले उतरली होती. ती अनवाणी धावत होती. शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते. तरीही युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांशी तुलना करावी अशा त्यांच्या वेळा पाहून सर दोराबजी चकित झाले. या तरुणांना जगाच्या मैदानात उभे करावयाचेच, असे त्यांनी मनाशी ठरविले.

तो काळ पहिले महायुद्ध नुकतेच संपल्याचा होता. १९१६ चे ऑलिंपिक सामने युद्धामुळे झाले नव्हते आणि १९२० चे सामने बेल्जममधील अँटवर्प शहरी भरावयाचे होते. सर दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्याशी विचारविनिमय केला, हिंदुस्थानास ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळविला आणि स्वतःच्या पदरचे द्रव्य घालून व वर्गणी जमवून प्रवासाची तजवीज केली. आपल्या देशात त्या वेळी या विषयाचे ज्ञान किती थोडे होते याची एक गोष्ट पुढे ते सांगत असत. शंभर यार्डांची शर्यत किती वेळात संपली पाहिजे, याची निवड समितीतील एका सभासदासही कल्पना नव्हती. तेथे सेकंदाच्या दहाव्या भागाचाही हिशेब असतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले.

अशा परिस्थितीत सहा जणांचा छोटा संघ तयार झाला. त्यात बंगालचे बॅनर्जी, बेळगावचे चौगुले, हुबळीचे कैकाडी आणि आपल्या साताऱ्याचे सदाशिव दातार असे चार धावपटू, तर नवले व कोल्हापूरचे शिंदे असे दोन मल्ल होते. या सहांतील बहुतेक जण मुंबई इलाख्याच्या मराठी-कानडी टापूतले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. समुद्रमार्गे ही मंडळी प्रथम इंग्लंडास गेली. परकी हवा, परके अन्न, परकी भाषा आणि धावण्याची परकी रीत, या चारही गोष्टींशी थोड्या आठवड्यांत ओळख करून घेऊन त्यांना पुढे बेल्जमला जावयाचे होते.

मॅरेथॉन ही शर्यत म्हणजे काय, हेही येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. प्राचीन काळी मॅरेथॉनच्या रणांगणावरून एक ग्रीक जासूद विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिकमध्ये सुमारे ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली. १९०८ साली लंडनमध्ये हे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर होते व १९२१ साली तेच कायम ठरले. अँटवर्पची शर्यत मात्र ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्व मॅरेथॉनींमध्ये लांब अशी होती. या अंतराची कल्पना करावयाची तर सांगलीहून मिरजेस जाऊन परत यावे; हे सुमारे २० किलोमीटर झाले. पाय न थांबविता तसेच दुसऱ्यांदा जाऊन यावे आणि मग आणखी पावणेतीन किलोमीटर धावावे! मनुष्याच्या स्नायूंत व यकृतात साठलेली साखर तीस-बत्तीस किलोमीटरांच्या सुमारास संपत येते. तेथून पुढे पाय शिशासारखे जड होतात, आणि खरी परीक्षा तेथेच सुरू होते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी ही शर्यत सुरू झाली. हवा थंड व पावसाळी होती. फिनलंडचे कोलेहमाइनेन, ज्यांनी १९१२ साली स्टॉकहोम येथे तीन सुवर्णपदके जिंकली होती, ते या शर्यतीत होते. दक्षिण आफ्रिका, इटली, अमेरिका अशा अनेक देशांचे कसलेले वीरही होते. त्यांच्या मेळ्यात चौगुले व दातार हे आपले दोन तरुण उभे राहिले. दहा हजार मीटरांच्या शर्यतीत चौगुले प्राथमिक फेरीपलीकडे जाऊ शकले नव्हते. त्या अपयशाने खचून न जाता ते या दीर्घ परीक्षेस सामोरे गेले.

कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. एस्टोनियाचे लॉसमन अवघ्या १३ सेकंदांनी मागे राहिले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत अंतर पुरे केले व त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. साताऱ्याचे दातार यांस शर्यत मध्येच सोडावी लागली.

एकोणिसावा क्रमांक हे ऐकून कोणी नाक मुरडील. त्याने थोडे गणित करून पाहावे. चौगुले यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी चार मिनिटांत कापला, व तोही लागोपाठ बेचाळीस वेळा. या वेगाने अर्धमॅरेथॉन सुमारे १ तास २४ मिनिटांत पुरी होते. १८९६ चे विजेते स्पिरिडॉन लुइस यांना सुमारे ४० किलोमीटरांस २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद लागले होते आणि १९०८ चे विजेते जॉनी हेज यांना २ तास ५५ मिनिटे १८ सेकंद. बेळगावच्या या तरुणाने त्या दोघांपेक्षा लांब अंतर त्या दोघांपेक्षा थोड्या वेळात धावून दाखविले! पदक मिळाले नाही हे खरे. तथापि ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारे पहिले हिंदी धावपटू हा मान त्यांचाच.

आणि दातार यांचे काय? ज्याने शर्यत सोडली त्याचे नाव घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न कोणास पडेल. आमच्या मते ते आदराने घेतले पाहिजे. देशातून पूर्वी कोणीच न गेलेल्या वाटेवर जो पाऊल टाकतो, त्याची पहिली परीक्षा निघण्याचीच असते, आणि तीत दातार उतरले होते. परीक्षेत किंवा खेळात मागे पडलेल्या मुलाकडे पाहताना आपण पालकांनी व शिक्षकांनी हे विसरू नये.

चौगुले यांना हे जग सोडून आता कित्येक दशके लोटली. परंतु त्या सहा जणांनी उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. १९२४ साली पॅरिसला हिंदुस्थानचा संघ पुन्हा गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना निघाली व सर दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या कन्या ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या.

मुलांनो, या चरित्रापासून काय घ्यावे? तुम्ही सर्वांनी ऑलिंपिकला जावे अशी अपेक्षा नाही. पण एखाद्या सुटीच्या पहाटे, कोणी शर्यत भरविली नसताना व बक्षीस ठेविले नसताना, आपले अंतर आपणच ठरवून ते पुरे करण्यात जो आनंद आहे तो एकदा अवश्य चाखून पाहा. एकदम लांब पल्ला मात्र घेऊ नका. प्रथम दोन किलोमीटर, मग तीन, मग पाच, असे महिनोन्‌महिने वाढवीत जा. निघण्यापूर्वी वाट व परतण्याची वेळ घरी सांगा, वाहनांचा रस्ता टाळा, पाणी बरोबर ठेवा, आणि छातीत किंवा सांध्यांत दुखू लागले तर निमूटपणे थांबा.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी पहाटे उठून एकटीच धावू लागली तर यातून मिळणार काय, असे विचारून तिचा हिरमोड करू नये. अनवाणी धावणाऱ्या त्या मुलांनाही त्यांच्या गावी कोणी हेच विचारले असेल. त्या प्रश्नाला त्यांच्यापाशी तेव्हा उत्तर नसेलही. परंतु ती धावत राहिली म्हणूनच १९१९ साली पुण्याच्या मैदानावर पाहणाऱ्याला काही पाहावयास मिळाले.