विश्लेषण : थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित करणारे थिओडोर कोखर कोण होते?

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी आजचा रुग्ण विचारतो, आवाज जाणार नाही ना? दीडशे वर्षांपूर्वी प्रश्न जिवाचाच होता. हे चित्र बदलणाऱ्या स्विस शल्यविशारदाविषयी…

गलगंडाची शस्त्रक्रिया का टाळली जाई?
थायरॉइडमध्ये रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने अनेक रुग्ण दगावत. १८४१ मध्ये बर्नमध्ये जन्मलेले कोखर १८७२ मध्ये तेथेच प्राध्यापक झाले. आयोडीनच्या कमतरतेमुळे त्या भागात गलगंडाचे रुग्ण खूप होते. निर्जंतुकीकरण आणि एकेक रक्तवाहिनी बांधत सावकाश काम, ही त्यांची पद्धत. पुढे त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले.

चूक कुठे झाली?
१८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. जखम भरली, पण मुलीची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या जॅक-लुई रेव्हर्दाँ यांनीही असे दुष्परिणाम मांडले. कोखर यांनी आपले जुने रुग्ण पुन्हा तपासले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या बहुतेकांत तीच लक्षणे दिसली. १८८३ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे मांडले आणि साध्या गलगंडात ग्रंथीचा काही भाग राखण्याचा आग्रह धरला. थायरॉइड शरीरासाठी अत्यावश्यक आहे, हे यातून स्पष्ट झाले.

शेजारच्या ग्रंथी कशा वाचल्या?
व्हिएन्नातील थिओडोर बिलरोथ यांच्या काही रुग्णांचे हातपाय शस्त्रक्रियेनंतर वळत. कोखर यांच्या रुग्णांत हे क्वचितच घडे. अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी कारण सांगितले : कोखर ग्रंथीला अगदी लगटून काम करत. त्यामुळे मागच्या बाजूच्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जागेवर राहत. स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतूही तिथूनच जातो. तो दुखावला तर आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंचे दुखावले तर श्वासही अडतो. रक्ताने न भरलेल्या जागेत तो जपणे सोपे जाते.

आज काय बदलले?
१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज संपूर्ण ग्रंथी काढली तरी हार्मोनची गोळी मिळते, मज्जातंतूवर लक्ष ठेवणारे यंत्रही आहे. तरीही तंतू ओळखणे आणि पॅराथायरॉइडचा रक्तपुरवठा राखणे, हे काम सर्जनच्या हातालाच करावे लागते.