मराठी व्याकरणाचे पाणिनी – दादोबा पांडुरंग तर्खडकर



आमच्या धाटावला एमआयडीसी आहे. बरेच पालक कंपनीत कामाला जातात. पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो, मुलाला इंग्रजी यायला हवं तर मराठी व्याकरण कशाला शिकवता? या प्रश्नाचं उत्तर मला दादोबांच्या चरित्रात सापडलं, म्हणून आजचा हा लेख.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खडचं. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषा त्यांनी नीट अभ्यासल्या. त्या काळी मराठी शिकवायच्या शाळा निघत होत्या, पण शिकवणाऱ्याच्या हातात नियमांचं सोपं पुस्तक नव्हतं. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत आणि साहेबांसाठी. आपल्या मुलांचं काय?

दादोबांनी हे काम अंगावर घेतलं. १८३६ मध्ये त्यांचं महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झालं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २२! इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून, संस्कृतचा आधार घेऊन त्यांनी मराठी शब्दांच्या जाती लावल्या. इंग्रजीचा साचा मराठीला जसाच्या तसा बसत नाही, अशी टीका पुढे झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मतांची चिकित्सा केली. दादोबा मात्र थांबले नाहीत. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते सुधारणा करत राहिले. १८६५ मध्ये लहान मुलांसाठी लघुव्याकरणही काढलं.

त्यांनी जावऱ्याच्या नबाबाला शिकवलं, सुरतेला शिक्षकी केली. तिथे १८४४ मध्ये मानवधर्म सभेच्या स्थापनेत भाग घेतला. १८४६ मध्ये मुंबईच्या नॉर्मल क्लासची जबाबदारी त्यांच्याकडे आली. नॉर्मल क्लास म्हणजे शिक्षक घडवण्याचा वर्ग. आपल्या डीएडचा तो पूर्वजच म्हणा ना! जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतही ते पुढे होते. १८५२ मध्ये ते नगरला डेप्युटी कलेक्टर झाले. सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली, आत्मचरित्रही लिहिलं. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचं निधन झालं.

आता वर्गात येऊ. मुलं 'आय मँगो ईट' असं बोलतात. आपण हसतो किंवा रागावतो. पण ते मूल मराठीचाच क्रम लावतंय: मी आंबा खातो. कर्ता, कर्म, क्रियापद. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं: 'आय ईट मँगो'. तसंच आपण 'टेबलाखाली' म्हणतो, 'खाली' नंतर येतं. इंग्रजीत 'अंडर द टेबल', म्हणजे 'अंडर' आधी. कर्ता, कर्म, क्रियापद, शब्दयोगी अव्यय हे मुलाला मराठीत पक्कं कळलं असेल, तर हा फरक दोन मिनिटांत समजतो. नाहीतर वाक्यं नुसती पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात.

दादोबांना इंग्रजीच्या अभ्यासातून मराठीची रचना मांडता आली. आपल्या मुलांना मराठीतून इंग्रजीची रचना दिसू दे. वाट तीच आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

पालकहो, आज घरी एवढंच करा. मुलाला पाच रोजची मराठी वाक्यं लिहायला सांगा आणि क्रियापदाखाली रेघ मारायला लावा. इंग्रजीचा पाया तिथूनच पडतो.