हिशेब मागणारा प्राध्यापक

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सातपूर हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. पुढे तेथे औद्योगिक वसाहत आली, कारखाने उभे राहिले आणि १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ते शहराचाच भाग बनले. येथे पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे उत्पन्न आयकराच्या मर्यादेत येत नसेल. पण साबणाची वडी विकत घेताना तोही सरकारच्या तिजोरीत भर घालीत असतो. त्या पैशातून रस्ता किती झाला, शाळेत शिक्षक किती नेमले गेले, दवाखान्यात औषधे किती पोहोचली, हे विचारण्याचा अधिकार त्याने आपल्या प्रतिनिधीच्या हाती दिलेला असतो. हा अधिकार कसा वापरावा याचा वस्तुपाठ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी प्राध्यापकाने घालून दिला. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. ज्या सभागृहात ते हिशेब मागत होते, तेथे अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारही त्यांना नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या वस्तुपाठाचे मोल कळते.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि आपल्या तुटपुंज्या पगारातून गोपाळरावांना शिकविले. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. सरकारी नोकरी किंवा वकिली यांचा मार्ग मोकळा असताना त्यांनी पुण्यात शिक्षकी पेशा पत्करला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे लागतील ते विषय ते शिकवीत. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. आकड्यांशी जडलेले हे सख्य त्यांना पुढे राजकारणातही उपयोगी पडले.

परंतु नुसते गणित येणे निराळे आणि सरकारी हिशेब वाचता येणे निराळे. ही दुसरी विद्या त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून मिळाली. रानडे हे नाशिक जिल्ह्यातील निफाडचे. सरकारी अहवाल बारकाईने वाचावेत, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत आणि पुराव्याशिवाय अक्षरही लिहू नये, ही शिस्त त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या कामातून गोखल्यांच्या अंगी बाणविली. या अभ्यासात त्यांचे दुसरे आधारस्तंभ होते गणेश व्यंकटेश जोशी. हे जोशी सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. दिवसा वर्ग सांभाळावा आणि उरलेल्या वेळात जमाखर्चाचे तक्ते उलगडावेत, असा त्यांचा क्रम. गोखल्यांच्या पुढच्या भाषणांमागे या अबोल शिक्षकाचे परिश्रम किती होते, याची कबुली स्वतः गोखल्यांनी मोकळेपणाने दिलेली आहे.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते मुरलेल्या अर्थतज्ज्ञांच्या उलटतपासणीला सामोरे गेले आणि लष्करी खर्च, विलायतेतील देणी, वरच्या पगाराच्या जागांवर हिंदी माणसांना मिळणारे नगण्य स्थान यांविषयीच्या आपल्या विधानांवरून हटले नाहीत. पण त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूक घडली. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांच्या बातम्या पत्रांतून त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रात आरोप केले. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल महाराष्ट्राने त्यांना दीर्घ काळ क्षमा केली नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्यात मात्र ऐकीव गोष्टीवर बेतलेला आरोप सापडत नाही.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकाला विरोध करून फिरोजशहा मेहतांबरोबर त्यांनी सभात्याग केला. पुढे मेहतांच्या जागी ते कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. हे कायदेमंडळ म्हणजे आजची विधानसभा नव्हे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. पण उपप्रश्न विचारता येत नसे, ठराव मांडता येत नसे, एक रुपयाही कमी करता येत नसे. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय आणि बाकांवर सरकारी बहुमत. चर्चा व्हायची ती सारे काही आधीच ठरून गेल्यावर.

अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले. त्या वर्षी सरकारी हिशेबात सुमारे ७ कोटी रुपये शिल्लक दिसत होते आणि अर्थखाते ते भरभराटीचे लक्षण मानीत होते. देशाने तर नुकताच दुष्काळ भोगला होता. मग ही शिल्लक आली कोठून? गोखल्यांनी तिचा उगम दाखविला. रुपयाचा भाव १३ पेन्सांपर्यंत घसरला होता तेव्हा विलायतेतील देणी भागविण्यास अधिक रुपये लागत. ती तूट भरण्यासाठी कर वाढविण्यात आले. पुढे रुपयाचा भाव चलनाच्या धोरणाने १६ पेन्सांवर नेण्यात आला. गरज ओसरली, पण वाढीव कर मात्र तसेच राहिले. शिल्लक ही भरभराटीची खूण नसून रयतेकडून वाजवीपेक्षा अधिक वसूल केलेली रक्कम आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले. मीठ तर गरिबाला टाळता न येणारी वस्तू. मणामागे अडीच रुपये हा कर त्यांनी सर्वांत अन्यायाचा ठरविला. दर वर्षी मार्चमध्ये तोच हिशेब ते पुन्हा मांडीत राहिले. १९०३ मध्ये हा कर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे बरोबर होणार नाही. तथापि अर्थखात्याला आपल्या प्रत्येक आकड्याचे समर्थन करण्याची तयारी ठेवावी लागू लागली, हे त्यांच्या चिकाटीचेच फळ होते.

माहिती दडविण्याच्या सरकारी प्रवृत्तीशीही त्यांचा सामना झाला. सरकारी गुपितांचा कायदा मुलकी कारभारालाही लागू करण्याचे विधेयक लॉर्ड कर्झनच्या राजवटीत आले, तेव्हा त्यांनी ते कसोशीने विरोधिले. १९०४ मध्ये ते मंजूर झालेच. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना ६ ते १० वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करता यावे आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, एवढीच त्याची मागणी. पैसा कोठून येईल याचा हिशेबही त्यांनी सोबत दिला होता. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला.

त्यांचे अखेरचे मोठे काम सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीचे. १९१२ मध्ये लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचे ते सभासद झाले. वेल्बी आयोगापुढे ते साक्षीदार होते. येथे ते प्रश्नकर्त्यांच्या बाजूस बसले आणि प्रांतोप्रांतीचे वरिष्ठ अधिकारी त्यांच्यापुढे आले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही ते कागद वाचल्याशिवाय बैठकीस जात नसत. आयोगाचा अहवाल पुरा होण्यापूर्वीच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८.

गोखल्यांच्या या मार्गावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. ज्यांना लोकांना जाब द्यावयाचा नाही त्यांना प्रश्न विचारून काय साधणार, हा जहाल पक्षाचा सवाल होता, आणि तो चुकीचाही नव्हता. हिशेब मागून राज्य मिळत नाही. त्यासाठी लोकांना उठावे लागते. परंतु राज्य मिळाल्यावर ते चालवावे लागते, आणि तेथे गोखल्यांचीच विद्या लागते. आज आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न आहे, उपप्रश्न आहे, मागण्यांवरील मतदान आहे, लोकलेखा समिती आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर सामान्य नागरिकालाही कागद मागता येतो. गोखल्यांना यांतील बहुतेक काहीच लाभले नव्हते. तरीही गोंधळात वाहून जाणारा प्रश्नोत्तरांचा तास, चर्चेविना मंजूर होणाऱ्या कोट्यवधींच्या मागण्या आणि अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहापुढे येणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल हे चित्र महाराष्ट्राला अपरिचित नाही.

याचा दोष केवळ आमदारांच्या माथी मारणेही सोपे आहे. गोखल्यांच्या मागे जोशी मास्तरांसारखे तक्ते तयार करणारे लोक होते. सातपूरच्या एखाद्या शिक्षकाने आपल्या शाळेच्या अनुदानाचा, कारकुनाने आपल्या प्रभागातील रस्त्याच्या खर्चाचा आणि विद्यार्थ्याने आपल्या वसतिगृहाच्या तरतुदीचा दोन वर्षांचा हिशेब नीट मांडून आमदाराच्या हाती दिला, तर त्याला सभागृहात विचारण्याजोगा प्रश्न मिळेल. आणि तो त्याने विचारला की नाही, हे त्या तिघांनाही ताडून पाहता येईल.