डॉ. भाऊ दाजी लाड : एका धन्वंतरीचे अपुरे राहिलेले ऋण

स्मरणिकेच्या प्रतिवर्षीच्या प्रथेप्रमाणे आपल्या सारस्वत समाजातील एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांच्या सेवेस सादर करण्याचा हा योग आहे. यंदा आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्मरण करण्याचे योजिले. भाऊंचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुंबईस गेलेल्या बहुतेक मंडळींनी भायखळ्याच्या राणीच्या बागेतील त्यांच्या नावाचे संग्रहालय पाहिले असेल. परंतु भाऊ मुख्यतः कोण होते, असे विचारल्यास संशोधक, पुढारी, संग्राहक अशी उत्तरे मिळतात. ते वैद्य होते आणि ज्या रोग्यांना समाजाने टाकून दिले त्यांचे वैद्य होते, ही गोष्ट मागे पडते. ती पुढे आणावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातील पेडणे महालातील मांद्रे या गावी सन १८२२ मध्ये त्यांचा जन्म झाला. घरची स्थिति अगदी बेताची. वडील विठ्ठलराव मातीच्या बाहुल्या व मूर्ति विकून संसार चालवीत. पोटासाठी हे कुटुंब मुंबईस आले आणि तेथे बाळपणीच भाऊंच्या बुद्धीची चमक दिसू लागली. बुद्धिबळात हा मुलगा मोठमोठ्यांस हार जाऊ देत नसे. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने, या मुलास इंग्रजी विद्या द्यावी, असे वडिलांच्या मनात भरविले. बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागला तो असा. पुढे कच्छ व काठेवाड प्रांतांतील बालहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले आणि त्याच संस्थेत ते शिक्षक झाले.

मुंबईत सन १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. हातची शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. प्रेतास स्पर्श करून शरीरशास्त्र शिकणे हे त्या काळी उच्चवर्णीय हिंदूस सोपे नव्हते. तरीही सन १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते; पुढे प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले डॉ. आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले. भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय आरंभिला आणि थोड्याच वर्षांत मुंबईतील अग्रगण्य डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. श्रीमंतांच्या वाड्यांतून त्यांस बोलावणी येत. परंतु त्यांचे धाकटे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्या साहाय्याने त्यांनी धर्मार्थ दवाखानाही चालविला. एका हाताने मिळवावे व दुसऱ्या हाताने द्यावे, असा हा क्रम होता.

भाऊंची खरी वेगळी वाट येथून सुरू होते. पाश्चात्य वैद्यक शिकलेला मनुष्य आयुर्वेदाकडे तुच्छतेने पाही, आणि परंपरेतला वैद्य नव्या विद्येकडे संशयाने पाही, असा तो काळ होता. भाऊंनी दोन्हींचा हात धरिला. त्यांचे संस्कृतचे ज्ञान गाढ होते. प्राचीन ग्रंथांत ज्या औषधींचे गुण वर्णिलेले आहेत ते खरे की खोटे, हे रोग्याच्या शय्येजवळ बसून तपासावे, असे त्यांनी ठरविले. ग्रंथात आहे म्हणून त्यांनी स्वीकारले नाही आणि ग्रंथ जुना आहे म्हणून टाकलेही नाही. आज हा विचार साधा वाटेल. त्या काळी तो दोन्ही पक्षांस रुचणारा नव्हता.

या शोधात त्यांचे सर्वाधिक लक्ष महारोगाकडे लागले. महारोग्याची त्या काळची दशा वर्णन करावयास नको. घरच्यांनी टाकावे, गावाने वेशीबाहेर काढावे, तीर्थक्षेत्राच्या घाटावर हात पसरून दिवस कंठावे, आणि पूर्वजन्मीचे पाप म्हणून हे सारे मुकाट्याने सोसावे, हीच त्याची गति होती. गोदावरीच्या काठी राहणाऱ्या आपल्या नाशिककरांना हे दृश्य वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून परिचित असेल. अशा रोग्यांना भाऊंनी जवळ केले आणि त्यांच्यावर एक औषध चालविले. हे औषध म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल होते, असे त्यांचे चरित्रकार मानतात. कडू कवठाचा वृक्ष आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील रानांत वाढतो. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या तीरावर होणाऱ्या तुवरक नामक वृक्षाचे वर्णन असून त्याच्या फळांच्या तेलाने कुष्ठाची चिकित्सा सांगितली आहे. तो तुवरक म्हणजे हाच वृक्ष, असे जाणकार समजतात. शेकडो वर्षे पोथीत पडून राहिलेले हे ज्ञान भाऊंनी रुग्णालयाच्या कसोटीस लाविले.

त्यांच्याकडे महारोगी येऊ लागले. यांपैकी कोणी वृत्तपत्रात लिहिणारा नव्हता, सरकारदरबारी अर्ज करणारा नव्हता. ज्याला कोणी शिवत नाही त्याने पायांवर फडकी गुंडाळून डॉक्टरच्या दाराशी यावे, हीच त्याची साक्ष आणि हेच त्याचे मानपत्र. दुर्दैवाने अशी मानपत्रे कोणी जपून ठेवीत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या प्रयोगांची पुरती खात्री पटेपर्यंत भाऊंनी हे औषध गुप्त ठेविले. त्यावरून समकालीन डॉक्टरांनी त्यांच्यावर टीका केली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. औषध उघड झाल्याखेरीज त्याची परीक्षा दुसऱ्याने कशी करावी? चरित्रनायकाचे दोष झाकणे हे चरित्रलेखकाचे काम नव्हे. परंतु अपुऱ्या पुराव्यानिशी डांगोरा पिटणाऱ्यांपेक्षा, खात्री होईतो थांबणारा मनुष्य कमी दोषी, असे आम्हांस वाटते. त्याचे शासन दैवानेच केले. कारण ती खात्री जगापुढे मांडण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही.

भाऊंच्या इतर कार्याचा विस्तार मोठा आहे. त्याचा येथे केवळ निर्देश करितो. सन १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या सचिवपदाची धुरा वाहणाऱ्यांत ते होते. मुलींच्या शाळांचे ते पुरस्कर्ते होते. सन १८६९ व १८७१ असे दोन वेळां ते मुंबईचे शेरीफ झाले. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर त्यांनी निबंध लिहिला आणि आर्यभटाच्या ग्रंथाच्या पोथ्या शोधून काढिल्या. नाशिककरांनी विशेष अभिमानाने स्मरावी अशी गोष्ट म्हणजे, लेण्यांतील लेखांत आढळणाऱ्या प्राचीन अंकांच्या वाचनावर भाऊंनी परिश्रम केले. आपल्या पांडवलेण्यांतील नहपान-उषवदातांच्या लेखांत तसे अंक आहेत. भाऊंनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास शिलालेखांच्या नकला घेण्याच्या कामी लाविले. त्याच भगवानलालांनी पुढे पांडवलेण्यांचे जे विवेचन केले ते सन १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे.

वैद्य या नात्याने त्यांच्या धैर्याची परीक्षा सन १८६२ मध्ये न्यायालयात झाली. करसनदास मुळजी या सुधारक संपादकाने वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला, तेव्हा महाराजांनी त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लाविला. भाऊंनी महाराजांपैकी काहींवर औषधोपचार केलेले होते. श्रीमंत अनुयायांचा रोष ओढवेल हे ठाऊक असताही त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून, आपण कोणत्या रोगांवर उपचार केले, ते सांगितले. रोग्याचे गुपित वैद्याने उघड करावे काय, हा प्रश्न तेव्हाही कठीण होता व आजही आहे. पण श्रद्धाळू स्त्रियांची विटंबना थांबावी, हे त्या साक्षीमागील पारडे जड होते. निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला.

सन १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईच्या शेअरबाजारात जो हाहाकार झाला त्यात भाऊंची संपत्तीही बुडाली. ते खचले नाहीत. रोगी, पोथ्या व नाणी यांतच रमले. पुढे पक्षाघाताने त्यांना गाठले आणि मे १८७४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. सन १८७३ मध्ये नॉर्वे देशात डॉ. हान्सेन यांनी महारोगाचे जंतु प्रथम ओळखले. इकडे त्या रोगाशी झुंजणारा वैद्य अंथरुणास खिळत होता, आणि तिकडे रोगाचे मूळ उजेडात येत होते!

भाऊंच्या मागे त्या तेलाचे काय झाले? कडू कवठाच्या जातीच्या वृक्षांचे तेल, ज्यास चालमुग्रा म्हणतात, तेच पुढे कित्येक दशके जगभर या रोगावरील मुख्य औषध ठरले. हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ स्त्रीने सन १९१५ च्या सुमारास ते तेल टोचण्याजोगे करण्याची रीत शोधिली. ती सन १९१६ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी वारली आणि तिच्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेले. तेथील विद्यापीठाने सन २००० मध्ये आपल्या आवारातील चालमुग्रा वृक्षाजवळ तिच्या नावाची पाटी लावून ती चूक सुधारली. सन १९४१ पासून सल्फोन औषधे आली, आणि सन १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धति सांगितली. त्यायोगे हा रोग पूर्ण बरा होतो. रोग्यांना कोंडून ठेवण्यास मुभा देणारा सन १८९८ चा कायदा मात्र सन २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला, आणि या रोगाच्या कारणाने घटस्फोट मागण्याची तरतूद सन २०१९ मध्ये रद्द झाली. औषध आधी पोहोचले, न्याय मागून आला.

भाऊंचा गौरव झालाच नाही, असे नव्हे. त्यांचे लेख सन १८८८ मध्ये कलकत्त्यास ग्रंथरूपाने निघाले, आणि त्यांच्या संग्रहातील पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन झाल्या. ज्या संग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले व जे सन १८७२ मध्ये लोकांस खुले झाले, त्यास मुंबई महानगरपालिकेने सन १९७५ मध्ये त्यांचे नाव दिले. परंतु हे सारे गौरव विद्वानाचे व नागरिकाचे आहेत. दाराशी आलेल्या महारोग्याचा हात हातात घेणाऱ्या वैद्याचा गौरव अद्याप अपुरा आहे. तो मागण्यास ते रोगी उरले नाहीत. आणि हयातीतही त्यांचे कोणी ऐकत नव्हते. म्हणून ती मागणी त्यांच्या वतीने आपण केली पाहिजे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सन १९९८ पासून आपल्याच नाशिकात आहे. भाऊंच्या नावे कुष्ठरोग व त्वचारोगांवरील एक वार्षिक व्याख्यान तेथे व्हावे, अशी विनंति ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी विद्यापीठाकडे करावी. आपल्या मंडळानेही वैद्यकाच्या एखाद्या गरजू विद्यार्थ्यास भाऊंच्या नावे शिष्यवृत्ति द्यावी. तो विद्यार्थी कोणत्या जातीचा, हे विचारू नये, कारण भाऊंनी रोग्यास ते विचारले नाही. आणि कोणाच्या अंगणात वा शेताच्या बांधावर जागा असेल त्याने कडू कवठाचे एक रोप लावावे. दगडाची पाटी झिजते; पण झाड फळते, आणि त्याच्याखाली बसलेल्या मुलांना वडीलधाऱ्यांनी ही कथा सांगितली, तर भाऊंचे ऋण काही अंशी तरी फिटेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.