देउस्करांचा हिशेब

दादाभाई नौरोजी आणि विल्यम डिग्बी यांचे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील ग्रंथ १९०१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ रमेशचंद्र दत्त यांचा आर्थिक इतिहास आला. सारे ग्रंथ इंग्रजीत होते. ज्या रयतेच्या कर्जाचा आणि ज्या विणकराच्या बुडालेल्या मागाचा हिशेब त्यांत मांडला होता, त्यांना तो वाचता येण्यासारखा नव्हता. बंगालपुरती ही उणीव दूर केली ती एका मराठी माणसाने.

सखाराम गणेश देउस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातील. त्यांचा जन्म मात्र १८६९ साली देवघरजवळच्या करौं गावी, म्हणजे आजच्या झारखंडात झाला. आई लहानपणीच वारली आणि आत्याने त्यांना वाढविले. घरात मराठी संस्कार, शाळेत बंगाली भाषा आणि राजनारायण बसूंसारख्या ज्येष्ठाचा सहवास अशी त्यांची घडण झाली. त्याच शाळेत ते पुढे शिक्षक झाले. पण तेथील मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर ‘हितवादी’ पत्रात लिहिल्यामुळे नोकरी गेली. मग कलकत्ता गाठून ते ‘हितवादी’मध्येच मुद्रितशोधक म्हणून रुजू झाले आणि कालांतराने त्या पत्राचे संपादक झाले.

१९०४ मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले. त्यातील आकडेवारी बहुतांशी डिग्बी, दादाभाई आणि दत्त यांचीच होती. नवे संशोधन केल्याचा आव देउस्करांनी आणला नाही. त्यांचे श्रेय निवडीचे आणि मांडणीचे आहे: कारागिरांचा ऱ्हास, शेतकऱ्यांची दैना, कालवे मागे ठेवून रेल्वेवर होणारा खर्च, असे एकेक प्रकरण सामान्य वाचकाच्या पचनी पडेल अशा भाषेत त्यांनी लिहिले. शिवाय राज्यकर्त्यांनी प्रजेच्या मनावर मिळविलेल्या विजयाचेही विवेचन त्यात होते. सरकारला आकड्यांपेक्षा हे अधिक झोंबले असावे.

पुढल्याच वर्षी वंगभंग झाला आणि स्वदेशीच्या प्रचारकांना आधाराला ग्रंथ हवा होता, तो तयारच मिळाला. पाच वर्षांत पाच आवृत्त्या, सुमारे १३,००० प्रती. साक्षरता जेमतेम असलेल्या त्या काळात अर्थशास्त्रावरील पुस्तकाला एवढा खप लाभणे ही असामान्य गोष्ट होती. (आजही मराठीत अर्थसंकल्पावरचे पुस्तक हजाराच्या आवृत्तीपलीकडे जाणे कठीणच.) अरविंद घोष यांनीही या पुस्तकाचा बंगाली तरुणांवरील प्रभाव नोंदविला आहे.

या यशाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. बंगालमध्ये मराठा म्हटले की लुटारू बारगीर आठवत. अंगाईगीतांतही तीच धास्ती होती. अशा प्रांतात देउस्करांनी शिवचरित्र लिहिले, शिवाजी उत्सव रुजविला, आणि त्यांच्याच पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी शिवाजीवर कविता रचली. टिळकांवर त्यांची निष्ठा होती. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचा मालकांचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी ‘हितवादी’चे संपादकपद सोडले.

१९१० च्या छापखाना कायद्याने सरकारला जप्तीचे व्यापक अधिकार दिले. त्याच वर्षी ‘देशेर कथा’ आणि टिळकांच्या खटल्यावरील त्यांचे पुस्तक या दोहोंवर बंदी आली. पण मजकूर तोवर बंगालबाहेर पोहोचला होता. देउस्करांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांनी त्याचा ‘देश की बात’ हा हिंदी अनुवाद केला, आणि जबलपूरजवळच्या पनागरसारख्या हिंदी मुलखातील गावालाही हा हिशेब आपल्या भाषेत वाचण्याची वाट मोकळी झाली. पराडकर पुढे काशीच्या ‘आज’चे नामवंत संपादक झाले. देउस्करांना ते पाहता आले नाही. बंदीनंतर दोनच वर्षांनी, १९१२ च्या नोव्हेंबरात, करौं येथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.