शिकार सोडणारा सम्राट

नाशिकची पांडवलेणी पाहायला जाणाऱ्यांना दहाव्या लेण्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक मोठा लेख दिसतो. तो उषवदाताचा आहे. त्याने जेथे जेथे दानधर्म केला त्या गावांच्या यादीत शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारे, हे नावही आहे. याच सोपाऱ्यात, उषवदाताच्याही सुमारे पावणेचारशे वर्षे आधी, एक राजाज्ञा दगडावर कोरली गेली होती. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तिचा एक तुकडा सापडला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा होता. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याची हकीकत त्यात आहे.

अशोक म्हटले की आपल्याला कलिंगाचे युद्ध आठवते, राजमुद्रेवरचे सिंह आठवतात. पण मुक्या जनावरांच्या औषधपाण्याची आणि रानातल्या जिवांच्या रक्षणाची जबाबदारी राज्याची आहे, असे दगडावर कोरून ठेवणारा राजा म्हणून त्याची ओळख आपल्याला फारशी नसते.

चंद्रगुप्त मौर्याचा हा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. परंपरा सांगते की तरुणपणी तो उज्जयिनीचा कारभार पाहत होता. इ. स. पू. २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला. ज्या घराण्यात तो वाढला, तेथे शिकार हा राजवैभवाचा भाग होता. चंद्रगुप्ताच्या शिकारीचा थाट पाहून ग्रीक वकील मेगॅस्थेनिस चकित झाला होता. खुद्द अशोकाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असे त्याचाच पहिला शिलालेख सांगतो.

अभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंगाचे युद्ध झाले. एक लाख माणसे मेली, दीड लाख माणसे देशोधडीला लागली. हे आकडे शत्रूने दिलेले नाहीत, ते विजेत्यानेच नोंदवले आहेत. या पश्चात्तापातून जो राजा घडला, त्याची करुणा माणसांपाशी थांबली नाही. स्वयंपाकघरातली हत्या दोन मोर आणि एका हरणावर आली. हरीणही रोज नाही, आणि पुढे हे तीन जीवही मारले जाणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. एका दिवसात सगळे बंद केल्याचा आव त्याने आणला नाही, हे विशेष.

दुसरा शिलालेख तर पशुवैद्यांनी दवाखान्यात लावून ठेवावा असा आहे. माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे तो सांगतो. जेथे औषधी वनस्पती, मुळे आणि फळे मिळत नव्हती, तेथे ती बाहेरून आणवून लावली. रस्त्यांवर विहिरी खणल्या, झाडे लावली, तीही माणसे आणि जनावरे या दोघांसाठी. हत्ती-घोड्यांचे वैद्य कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहेत, पण ते राजाच्या सैन्याचे. अशोकाने ही सोय आपल्या राज्याबाहेरही नेली. चोल, पांड्य, केरळपुत्र, ताम्रपर्णी आणि थेट यवन राजा अंतियोक याच्या मुलखापर्यंत ती पोचवल्याचे तो म्हणतो.

अभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अभय दिलेल्या प्राण्यांची यादीच आहे. पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार अशी कितीतरी नावे तीत येतात. गाभण किंवा दुभत्या शेळ्या-मेंढ्या आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत, विनाकारण किंवा प्राणी मारण्यासाठी रान पेटवू नये, जीव असलेला भुसा जाळू नये, ठरावीक दिवशी मासे धरू नयेत, बैलांना खच्ची करू नये, घोड्यांना डाग देऊ नये, असे बारीकसारीक नियम आहेत. विणीचा काळ, वणवा, जनावरांच्या वेदना हे सगळे प्रश्न आजच्या वनाधिकाऱ्यांच्या आणि पशुवैद्यांच्याही ओळखीचे आहेत.

महाराष्ट्रात याचा आणखी एक माग सापडतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक येथील शिळेवर प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी ब्राह्मी आज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते ती अशोकाच्या धर्ममहामात्राची. आज ताडोबाचे वाघ ज्या जिल्ह्यात आहेत, तेथेच ही आज्ञा सापडावी, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

या आज्ञा सगळ्यांनी पाळल्या का? अशोकाची स्वतःची तशी समजूत नव्हती. अखेरच्या काळातल्या सातव्या स्तंभलेखात त्याने कबूल केले आहे की नियमांनी थोडे साधते, लोकांचे मन वळवल्याने अधिक साधते. इ. स. पू. २३२ च्या सुमारास तो वारला. त्याचे साम्राज्य पुढे पन्नास वर्षेही टिकले नाही. कालांतराने त्याची लिपी वाचणारेही उरले नाहीत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली, तेव्हा हा राजा पुन्हा बोलू लागला.

त्याचे ते शहाणपण नाशिककरांच्या अगदी जवळचे आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. जनावरांचे दुखणे थांबवण्यासाठी टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशभर त्यांचे थवे संपत आले. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण गोठ्यात आजारी गाईला कोणते इंजेक्शन द्यायचे, हे शेवटी पशुवैद्य आणि शेतकरी ठरवतात. तेथे पहारा बसवता येत नाही, समजूतच घालावी लागते. माणूस, गोठा आणि रान यांचे आरोग्य एकमेकांत गुंतलेले आहे, हे जगातले डॉक्टर आणि पशुवैद्य आज एकत्र बसून सांगत आहेत. माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची तजवीज एकाच लेखात करणाऱ्या या सम्राटाला ते नवे वाटले नसते.